नैराश्यावरील गोळ्या आणि अमिनो आम्लांची सप्लिमेंट्स: एकत्र घेण्यापूर्वी काय तपासावे

नैराश्यावरील औषध सुरू केल्यानंतरचे पहिले काही आठवडे कठीण असतात. मळमळ, अस्वस्थता, उडालेली झोप हे त्रास पहिल्या दिवसांपासून जाणवतात. मनाला उभारी मात्र साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनंतर, काहींना त्याहूनही उशिरा येऊ लागते. याच मधल्या काळात अनेक जण औषधाला काहीतरी जोड शोधू लागतात. मोबाइलवर ‘मूड’ आणि झोप सुधारणाऱ्या कॅप्सूलच्या जाहिराती दिसतात, जिममधला ट्रेनर अमिनोची, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांची, पावडर सुचवतो, नात्यातले कोणी परदेशातून येताना डबी घेऊन येते आणि या साऱ्यांवर ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले असल्यामुळे डॉक्टरांना सांगण्याची गरज कोणालाच वाटत नाही. परळच्या रुग्णालयांच्या परिसरात फार्मासिस्ट म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या न सांगितलेल्या डबीची. चिठ्ठीवरची औषधे निदान कोणाच्या तरी नजरेखालून जातात. ही डबी कोणाच्याच नजरेखालून जात नाही.

पुढे दिलेली पद्धत घरच्या घरी निर्णय घेण्यासाठी नाही. आपण काय घेत आहोत हे नेमके शोधून काढावे, त्यात धोका कुठे असू शकतो हे ओळखावे आणि योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारावा, एवढ्यासाठी ती आहे. गरोदर स्त्रिया, स्तनपान देणाऱ्या माता आणि लहान मुले यांच्याबाबतीत मात्र कोणतेही सप्लिमेंट सुरू करण्यापूर्वी थेट डॉक्टरांकडेच जावे.

आधी आपले औषध नीट ओळखा

मुंबईत औषध मागितले जाते ते कंपनीच्या नावाने, आणि एकाच औषधाची कित्येक नावे बाजारात आहेत. म्हणून पहिले काम म्हणजे स्ट्रिप उलटी करून तिच्यावर छापलेले मूळ औषधाचे नाव वाचणे. ते अक्षर बारीक असते; चष्मा लावून किंवा मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचावे. स्ट्रिपमध्ये एकाहून अधिक औषधे असू शकतात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम यांची एकत्रित गोळी आपल्याकडे खूप लिहिली जाते, तसेच अॅमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड यांचीही. अशा वेळी दोन्ही नावे लिहून घ्यावीत.

आता आपले औषध कोणत्या गटातले आहे ते पाहावे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन ही औषधे एका गटात येतात. त्यांना एसएसआरआय म्हणतात आणि ती प्रामुख्याने सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनावर काम करतात. व्हेन्लाफॅक्सिन, डेस्व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन ही सेरोटोनिनबरोबर नॉरअॅड्रेनॅलिन या दुसऱ्या संदेशवाहकावरही काम करतात. अॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन ही जुन्या, ट्रायसायक्लिक गटातली. बुप्रोपिऑन वेगळे आहे. त्याचा सेरोटोनिनशी फारसा संबंध नाही, ते डोपामिन (असाच आणखी एक संदेशवाहक) आणि नॉरअॅड्रेनॅलिनवर परिणाम करते. सर्वांत सावध राहावे असा गट म्हणजे एमएओ रोधक (एमएओ या विकराला, म्हणजे एन्झाइमला, रोखणारी औषधे), उदाहरणार्थ ट्रॅनिलसायप्रोमिन, फेनेल्झिन, मोक्लोबेमाइड. ही औषधे आता नैराश्यासाठी क्वचितच लिहिली जातात, तरी त्यांची नात्यातली सेलेजिलिन आणि रासाजिलिन ही औषधे कंपवाताच्या रुग्णांना आजही दिली जातात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ‘मला नैराश्य नाही, म्हणून हा लेख माझ्यासाठी नाही’ असे अनेकांना वाटेल. परंतु अॅमिट्रिप्टिलिन हे अर्धशिशीसाठी आणि दीर्घकाळच्या दुखण्यासाठी लिहिले जाते, ड्युलोक्सेटिन मधुमेहामुळे पायांत होणाऱ्या जळजळीसाठी दिले जाते, फ्लुवोक्सामिन ओसीडीसाठी (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारासाठी) आणि डॅपोक्सेटिन शीघ्रपतनासाठी. डॅपोक्सेटिन हेही एसएसआरआयच आहे, पण ते घेणारे तरुण त्याला कधी मानसिक आजारावरचे औषध म्हणून मोजत नाहीत, आणि जिममधली सप्लिमेंट्स घेणाऱ्यांत याच तरुणांची संख्या मोठी असते.

शरीरात नेमके काय घडते

अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर सेरोटोनिन बनवते. हे दोन पायऱ्यांत घडते. पहिल्या पायरीत ट्रिप्टोफॅनचे ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन, म्हणजेच ५-एचटीपी होते आणि दुसऱ्या पायरीत त्याचे सेरोटोनिन. पहिली पायरी मंद आहे. किती सेरोटोनिन बनावे याचे नियंत्रण शरीराने तिथेच ठेवले आहे. तयार झालेले सेरोटोनिन एका चेतापेशीतून बाहेर पडते, पुढच्या पेशीला संदेश देते आणि मग त्याची विल्हेवाट दोन मार्गांनी लागते: बरेचसे पहिल्याच पेशीत परत ओढले जाते, आणि तेथे एमएओ नावाचे विकर त्याचे विघटन करते.

एसएसआरआय गटातली औषधे हे परत ओढणे रोखतात. एमएओ रोधक विघटन रोखतात. ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपीची सप्लिमेंट्स मुळात उत्पादनच वाढवतात, आणि ५-एचटीपी तर ती मंद, नियंत्रण ठेवणारी पायरी ओलांडून थेट पुढे जाते. विल्हेवाट रोखलेली असताना उत्पादन वाढवले की सेरोटोनिन गरजेपेक्षा जास्त साचू शकते. या अतिरेकातून जी लक्षणे उद्भवतात त्यांना सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात.

ही भीती केवळ कागदावरची नाही. १९६० साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी एमएओ रोधक चालू असलेल्या रुग्णांना ट्रिप्टोफॅन दिल्यावर मज्जासंस्थेवर झालेले परिणाम नोंदवले होते. या सिंड्रोमच्या सुरुवातीच्या नोंदींत तिची गणना होते. १९८६ साली फ्लुओक्सेटिन आणि ट्रिप्टोफॅन एकत्र घेतलेल्या पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांना बेचैनी, अस्वस्थपणा आणि पोटाचे त्रास झाले होते. तरीही न्याय्य बाजू सांगायची तर हेही सांगितले पाहिजे की ब्रिटनमध्ये एके काळी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नैराश्यावरील इतर औषधांच्या जोडीला ट्रिप्टोफॅन मुद्दाम दिले जात असे. दोन गोष्टी एकत्र घेतल्या की प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. बहुतेकांना गंभीर त्रास होत नाही. पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि देखरेखीखाली मोजून दिलेला डोस व जाहिरात पाहून मागवलेली डबी या दोहोंत मोठे अंतर आहे.

डबीवरचे लेबल वाचण्याची पद्धत

डबीच्या दर्शनी भागावर जे लिहिलेले असते ते विक्रीसाठी असते. आपल्याला हवी आहे ती मागची घटकांची यादी. तीत ट्रिप्टोफॅन, एल-ट्रिप्टोफॅन, ५-एचटीपी, हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन किंवा ग्रिफोनिया यांपैकी काही आहे का ते शोधावे. ग्रिफोनिया ही पश्चिम आफ्रिकेतील वनस्पती आहे आणि तिच्या बियांपासून ५-एचटीपी काढले जाते. त्यामुळे ‘वनस्पतिजन्य अर्क’ एवढेच लिहिले असले तरी आत तोच पदार्थ असू शकतो. झोपेच्या गमीजमध्ये मेलाटोनिन (झोपेशी संबंधित संप्रेरक), थिअॅनिन (चहात असणारे अमिनो आम्ल) आणि ५-एचटीपी असे तिन्ही घटक एकत्र असू शकतात, म्हणून गोड गोळी आहे म्हणून ती सोडून देऊ नये.

त्यानंतर टायरोसिन, फेनिलअॅलनिन, एसएएमई, एन-अॅसिटिल सिस्टीन आणि एल-डोपा ही नावे पाहावीत. एल-डोपा हेही अमिनो आम्लच आहे आणि ते आपल्या परिचयाच्या वनस्पतीत, खाजकुयलीच्या बियांत, नैसर्गिकरीत्या असते. कौंच बीज या नावाने त्याची पावडर आणि कॅप्सूल शक्तिवर्धक म्हणून विकल्या जातात. एमएओ रोधक घेणाऱ्याने त्या घेतल्या तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. आयुर्वेदिक दुकानातून आणलेली वस्तू असली तरी तिचे नाव यादीत आलेच पाहिजे.

प्रत्येक घटकाचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावे आणि ते एका कॅप्सूलचे आहे की दोन-तीन कॅप्सूल मिळून होणाऱ्या एका डोसचे आहे हे पाहावे. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असे लिहून फक्त एकूण वजन दिले असेल, तर कोणता घटक किती आहे हे कोणीच सांगू शकत नाही, आणि नैराश्यावरील औषध चालू असताना माझ्या मते असे उत्पादन घेऊच नये. भारतात विकल्या जाणाऱ्या सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो आणि ते औषधी वापरासाठी नाही असेही स्पष्ट लिहिलेले असावे लागते. हे दुसरे वाक्य लोक वाचून पुढे जातात. त्याचा सरळ अर्थ असा की नैराश्य किंवा निद्रानाश बरा करण्यासाठी ही वस्तू मान्य झालेली नाही.

दर्जाचा प्रश्नही हलका नाही. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅनची सप्लिमेंट्स घेणाऱ्यांमध्ये तीव्र स्नायुदुखी आणि रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ अशी एक नवीच व्याधी पसरली. १,५०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ३० हून अधिक दगावले. जपानमधील एका कंपनीने बनवलेल्या मालाशी, त्यातील अशुद्धतेशी, या साथीचा संबंध जोडला गेला आणि ट्रिप्टोफॅन तेथील बाजारातून कित्येक वर्षे जवळजवळ नाहीसे झाले. म्हणून बिलाशिवाय मिळालेली, सील तुटलेली किंवा आयातदाराचे नाव नसलेली डबी स्वस्त आहे म्हणून घेऊ नये.

कोणती जोडी टाळावी, कोणती विचारून घ्यावी

ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपी आणि एमएओ रोधक ही जोडी पूर्णपणे टाळावी; येथे ‘थोडेसे घेऊन पाहू’ याला जागा नाही. एसएसआरआय, व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिनसारखी औषधे, तसेच क्लोमिप्रामिन आणि इतर ट्रायसायक्लिक यांच्यासोबतही मानसोपचारतज्ज्ञाने स्वतः लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नयेत. औषधाचा डोस नुकताच वाढवला असेल तर धोका अधिक असतो. सकाळी गोळी आणि रात्री कॅप्सूल असे अंतर ठेवले की चालते, असा एक गैरसमज आहे. ही औषधे रोज घेतल्यामुळे रक्तात चोवीस तास असतात, त्यामुळे वेळेतले अंतर येथे संरक्षण देत नाही.

एसएएमई हा मेथिओनिन या अमिनो आम्लापासून बनणारा पदार्थ आहे. नैराश्यावरील औषधाच्या जोडीला त्याचा उपयोग होतो का यावर गंभीर संशोधन झाले आहे आणि काही अभ्यासांत फायदाही दिसला आहे. तरीही क्लोमिप्रामिनबरोबर घेतल्यावर सेरोटोनिन सिंड्रोमसारखी अवस्था झाल्याची नोंद आहे, आणि बायपोलर आजार असलेल्यांमध्ये त्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. घरात कोणाला बायपोलर आजार असेल, किंवा आपल्याला पूर्वी कधी झोप न घेताही अतिउत्साहात दिवस गेले असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. त्यांच्या सल्ल्यानेच ते घ्यावे.

टायरोसिन आणि फेनिलअॅलनिन यांच्यापासून शरीर डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन बनवते. एमएओ रोधकांसोबत ती टाळावीत, कारण तेथे प्रश्न रक्तदाबाचा आहे. व्हेन्लाफॅक्सिन मोठ्या डोसमध्ये रक्तदाब वाढवू शकते आणि बुप्रोपिऑन आकडीची शक्यता वाढवते. ही औषधे घेणाऱ्यांनी टायरोसिनपेक्षाही त्याच्यासोबत येणाऱ्या इतर घटकांकडे लक्ष द्यावे. व्यायामापूर्वी घेण्याच्या प्री-वर्कआउट पावडरीत टायरोसिनबरोबर कॅफिन भरपूर असते, कधी सिनेफ्रिन किंवा योहिम्बिन ही उत्तेजक द्रव्येही असतात. फ्लुवोक्सामिन चालू असेल तर कॅफिन शरीराबाहेर टाकण्याची यकृताची गती खूपच मंदावते. सकाळी प्यायलेली पावडर मध्यरात्रीही रक्तात राहते, छाती धडधडते, झोप येत नाही आणि दोष मात्र गोळीला दिला जातो. मेलाटोनिनचेही तसेच: फ्लुवोक्सामिनमुळे त्याची रक्तातील पातळी कित्येक पटींनी वाढते.

एन-अॅसिटिल सिस्टीन काही मानसोपचारतज्ज्ञ स्वतःच जोड म्हणून लिहितात आणि नैराश्यावरील औषधांशी त्याचे गंभीर वैर ज्ञात नाही; हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन घेणाऱ्यांनी मात्र ते विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तदाब उतरून डोके तीव्र दुखू शकते. थिअॅनिनने झोपेची गुंगी वाढू शकते, विशेषतः मिर्टाझापिन, अॅमिट्रिप्टिलिन किंवा क्लोनाझेपाम चालू असेल तर. जिममध्ये घेतली जाणारी बीसीएए (ल्युसिनसारखी तीन अमिनो आम्ले), ग्लुटामिन, टॉरिन यांबाबत मोठी अडचण सहसा येत नाही.

आणि रोजचे जेवण? त्याविषयी घाबरण्याचे कारण नाही. डाळी, अंडी, दूध, पनीर, शेंगदाणे या सर्वांत ट्रिप्टोफॅन असते, पण तेथे ते ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन अशा इतर अमिनो आम्लांच्या सोबत येते. मेंदूत शिरण्यासाठी या सर्वांना एकाच वाहकावर अवलंबून राहावे लागते, त्यामुळे त्यांच्यात चढाओढ होते आणि मेंदूतील ट्रिप्टोफॅन एकदम वाढत नाही. साध्या व्हे प्रोटीनच्या एका स्कूपमधून साधारण ४०० मिलिग्रॅमच्या आसपास ट्रिप्टोफॅन मिळते, पण तेही याच सोबतीत. रिकाम्या पोटी घेतलेल्या शुद्ध ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूलला ही स्पर्धा नसते. म्हणून नैराश्यावरील गोळी चालू आहे या कारणाने कोणी अंडे किंवा डाळ बंद करू नये. नीट जेवण हा उपचाराचाच भाग आहे. अपवाद फक्त एमएओ रोधक घेणाऱ्यांचा. त्यांना जुने चीज आणि आंबवलेले काही पदार्थ टाळावे लागतात, ते टायरामिन या घटकामुळे. त्यांची यादी डॉक्टर देतात.

तिसरा भागीदार विसरू नका

अनेकदा गोळी आणि कॅप्सूल यांचे बरे चाललेले असते आणि त्यात तिसरे काहीतरी येऊन पडते. पावसाळ्यात खोकला झाला म्हणून घेतलेल्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असू शकते. कंबरदुखीसाठी दिलेल्या गोळीत ट्रॅमाडॉल असू शकते. अर्धशिशीसाठीची ट्रिप्टान गटातली औषधे, लिथियम, तसेच सेंट जॉन्स वर्ट ही ऑनलाइन मिळणारी वनस्पती, या सर्वांचा सेरोटोनिनशी संबंध आहे.

मुंबईत लिनेझोलिडचा उल्लेख वेगळा करावाच लागतो. हे प्रतिजैविक आहे, पण ते एमएओ विकरालाही रोखते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात ते कित्येक महिने चालते, आणि या शहरात अशा रुग्णांची संख्या मोठी आहे. दीर्घ आजाराने खचलेल्या अशा रुग्णाला नैराश्यावरील औषध लागणे स्वाभाविक आहे. पण शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातली फाइल एका पिशवीत आणि मानसोपचाराची चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत राहिली, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे कळत नाहीत. क्षयरोग आणि नैराश्य यांच्या औषधांचे हे नाते जुने आहे. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी इप्रोनियाझिड हे औषध क्षयरोगासाठी वापरून पाहत असताना रुग्ण अधिक उत्साही झालेले दिसले आणि त्यातूनच एमएओ रोधकांचा नैराश्यासाठी वापर सुरू झाला. लिनेझोलिड चालू असताना ट्रिप्टोफॅन, ५-एचटीपी किंवा टायरोसिन असलेली कोणतीही डबी उघडू नये.

औषध परस्पर बंद करू नका

सर्वांत मोठे नुकसान मी येथे होताना पाहिले आहे. ‘दोन्ही एकत्र चालत नाहीत’ हे कळल्यावर काही जण गोळी बंद करतात आणि कॅप्सूल चालू ठेवतात, कारण गोळीपेक्षा कॅप्सूल त्यांना निरुपद्रवी वाटते. हा उलटा मार्ग आहे. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन अचानक थांबवल्यास दोन-चार दिवसांत गरगरणे, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास सुरू होतात, आणि मूळ आजार पुन्हा उफाळण्याची भीती वेगळी. बंद करायची झाली तर कॅप्सूल बंद करावी. गोळीचा डोस फक्त डॉक्टरांनी, तोही बहुधा टप्प्याटप्प्याने, कमी करावा.

गोळी बंद केली म्हणजे ती लगेच शरीरातून गेली असेही नाही. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात बनणारा सक्रिय घटक कित्येक आठवडे रेंगाळतात. म्हणूनच फ्लुओक्सेटिन थांबवल्यावर एमएओ रोधक सुरू करण्यापूर्वी किमान ५ आठवडे जाऊ द्यावे लागतात. बहुतेक इतर एसएसआरआयसाठी हा काळ साधारण १४ दिवसांचा आहे. गेल्या महिन्यात बंद केलेले औषधही म्हणूनच आपल्या यादीत लिहावे, तारखेसह.

त्रास झालाच तर

सेरोटोनिनचा अतिरेक झाला तर लक्षणे बहुतेकांत २४ तासांच्या आत, अनेकांत पहिल्या ६ तासांतच दिसू लागतात. सौम्य अवस्थेत हातांना कंप सुटतो, घाम येतो, बेचैनी वाढते, जुलाब होतात, बाहुल्या मोठ्या दिसतात, नाडी जलद चालते. पुढे स्नायू आपोआप झटके देऊ लागतात. घोट्यापाशी पाऊल वर दाबले तर ते लयीत थडथडत राहते, आणि ही खूण डॉक्टरांच्या दृष्टीने फार महत्त्वाची असते. गंभीर अवस्थेत ताप चढतो, स्नायू ताठरतात, माणूस गोंधळतो, आकडी येऊ शकते.

आपल्या हवेत येथे फसगत होते. मे किंवा ऑक्टोबरमध्ये घाम कोणाला येत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ताप व थरथर दिसली की घरचे लोक प्रथम मलेरिया-डेंग्यूचाच विचार करतात. तो विचार चुकीचा नाही, तपासणी व्हायलाच हवी. पण नवी कॅप्सूल सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांतच हे सुरू झाले असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे. या अवस्थेतला ताप स्नायूंच्या अतिहालचालीतून येतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने तो उतरत नाही आणि त्याची वाट पाहण्यात वेळ जातो.

फक्त हलका कंप किंवा बेचैनी असेल तर सप्लिमेंटचा पुढचा डोस घेऊ नये आणि गोळीचा पुढचा डोस घेण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ताप, गोंधळलेपणा, स्नायूंचे झटके किंवा ताठरपणा असेल तर फोनवर सल्ला मागत बसू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. संध्याकाळच्या गर्दीत रुग्णाला लोकलने नेण्याचा प्रयत्न करू नये आणि एकटे तर पाठवूच नये. स्ट्रिप, सप्लिमेंटची डबी आणि इतर सर्व औषधे पिशवीत घालून सोबत न्यावीत. सायप्रोहेप्टाडिन या औषधाचा अशा उपचारात उपयोग करतात आणि ते भूक वाढवण्यासाठी आपल्याकडे बरेच वापरले जाते, म्हणून काहींच्या घरात असते. ते स्वतःहून देऊ नये, कारण निदान आणि डोस दोन्ही रुग्णालयातच ठरवावे लागतात.

डॉक्टरांना विचारायचे कसे

सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत मिळणारी वेळ थोडी असते, म्हणून तयारी घरीच करावी. एका कागदावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, डोस, वेळ आणि केव्हापासून चालू आहे ते लिहावे. त्याखाली सप्लिमेंट, त्यातील घटक आणि मिलिग्रॅम. त्याखाली कधीमधी घेतली जाणारी खोकल्याची, दुखण्याची, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक औषधे. कागद समोर ठेवून थोडक्यात बोलावे: “डॉक्टर, मी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम दोन महिन्यांपासून सकाळी घेतो. झोप लागत नाही म्हणून १०० मिलिग्रॅमचे ५-एचटीपी घ्यावे असे वाटते, अजून सुरू केलेले नाही. हे चालेल का, आणि नाही चालणार तर झोपेसाठी दुसरे काय करता येईल?” प्रश्नाचा शेवटचा भाग वगळू नये. सप्लिमेंटमागे खरी गरज असते, झोपेची, थकव्याची, किंवा औषध पुरेसे काम करत नसल्याची. ती कळली तर डॉक्टर गोळीची वेळ बदलू शकतात, डोस बदलू शकतात किंवा वेगळे औषध देऊ शकतात.

आधीच घेऊन झाले असेल तर तेही तसेच सांगावे. ओरडा बसेल या भीतीने सप्लिमेंट लपवणारे रुग्ण आणि लपवले म्हणून रागावणारे नातेवाईक, दोघांनाही माझी विनंती आहे की या विषयात लाज मध्ये आणू नका. डॉक्टरांची वेळ लगेच मिळत नसेल तर औषधाच्या दुकानातील नोंदणीकृत फार्मासिस्टला विचारावे. काउंटरवरच्या मदतनिसाला नव्हे. आजूबाजूच्या गर्दीत आजाराचे नाव मोठ्याने सांगणे नको वाटत असेल तर कागद पुढे करावा, तेवढे पुरे होते. मन फारच खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते आणि तेथे मराठीतही मदत मिळते.

सप्लिमेंट आणि औषध यांच्या एकत्र वापराने त्रास झाल्याचा संशय असेल तर त्याची नोंदही करता येते. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी आहे आणि केईएमसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणीची केंद्रे आहेत. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः माहिती देऊ शकतात. त्यासाठी डबी फेकून देऊ नये; उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, पहिला डोस घेतल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची वेळ एवढे तपशील जवळ ठेवावेत, आणि बिल असेल तर तेही.